अनुदान संपल्यानंतरचं सॉफ्टवेअर

महाराष्ट्रातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक, विभागाच्या एमडी प्रबंधांचा गठ्ठा काढून बसा. 'साहित्य आणि पद्धती'च्या प्रकरणात नमुन्याचा आकार कसा ठरवला हे सांगणारा परिच्छेद असतो आणि त्यात बऱ्याचदा एकच नाव दिसतं: ओपनएपी. संदर्भसूचीत त्याच्यापुढे 'अद्ययावत ६ एप्रिल २०१३' असं छापलेलं असतं. प्रबंध २०१५चा असो की त्यानंतरचा, तारीख तीच. सिनॉप्सिस एथिक्स कमिटीपुढे ठेवायच्या आदल्या रात्री रेसिडेंट ते पान उघडतो. लोकसंख्या दहा लाख, अपेक्षित प्रमाण ५० टक्के, चुकीची मुभा ५ टक्के, असे आधीच भरून आलेले आकडे तसेच ठेवतो, बटण दाबतो आणि ३८४ हा आकडा घेऊन झोपायला जातो. (हे ५० टक्के कुठून आणले, असं गाइडनं विचारलं की मग धावाधाव.)

ते पान कुणी बनवलं, हे सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात, म्हणजे सीडीसीत, अँड्र्यू डीन नावाचे साथरोगतज्ज्ञ होते. १९८५च्या सुमारास त्यांनी 'एपी इन्फो' आणलं. साथीच्या ठिकाणी बसून प्रश्नावली तयार करायची, माहिती भरायची आणि तिथेच कोष्टकं काढायची, एवढं काम एका फ्लॉपीत. त्याचा सुरुवातीचा बराचसा कोड त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलानं, जेफनं लिहिला. हेच ते पुढे गूगलमध्ये नावारूपाला आलेले जेफ डीन. एपी इन्फो सरकारी पैशातून झालेलं, त्यामुळे त्याच्या प्रती काढायला कुणाची हरकत नव्हती. पुढे डीन, केव्हिन सुलिवन आणि मिन मिन सो यांनी ब्राउझरमध्ये चालणारं ओपनएपी केलं. त्याला काही आधार एमरी विद्यापीठाला मिळालेल्या गेट्स फाउंडेशनच्या अनुदानाचा होता.

ओपनएपी नशीबवान. त्यातली सूत्रं पाठ्यपुस्तकातली आहेत, ती बदलत नाहीत. सगळा कोड साध्या जावास्क्रिप्टचा आहे आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी जुनं जावास्क्रिप्ट मोडू दिलेलं नाही. म्हणून कुणी हात लावला नाही तरी ते चालतं. वैद्यकीय संशोधनातल्या फार थोड्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला असं नशीब येतं. बाकीच्यांना कुणीतरी रोज सांभाळावं लागतं. या संग्रहातले लेख त्या सांभाळण्याबद्दल आहेत: ते कोण करतं, कशाच्या जोरावर करतं आणि त्याचा पगार कुठून निघतो. लेख लिहिणाऱ्यांत डॉक्टर आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत, प्रोग्रॅमर आहेत. त्यांचं आपसांत सगळ्याच बाबतीत जमत नाही आणि संपादकांनी ते जमवून आणायचा खटाटोप केलेला नाही, हे बरं झालं.

सॉफ्टवेअरला सांभाळायचं काय, असा प्रश्न लेखा विभागातल्या माणसालाच नव्हे, चांगल्या चांगल्या प्राध्यापकांनाही पडतो. एकदा लिहिलं की झालं ना? एमआरआयचं उदाहरण घ्या. यंत्रातून प्रतिमा निघतात त्या डायकॉम नावाच्या मांडणीत. मेंदूच्या संशोधनातली सॉफ्टवेअर मागतात निफ्टी नावाची मांडणी. या दोहोंच्या मध्ये बसून रूपांतर करणारी एक छोटी आज्ञावली आहे, डीसीएम-टू-निक्स. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठातले ख्रिस रोर्डन यांनी ती लिहिली. डायकॉम हे सर्वमान्य मानक खरं, पण प्रत्येक यंत्रउत्पादक आपली काही माहिती खासगी रकान्यांत ठेवतो. सीमेन्सचे रकाने वेगळे, जीईचे वेगळे, फिलिप्सचे आणखी वेगळे. रुग्णालयातल्या यंत्राचं सॉफ्टवेअर कंपनीनं बदललं की एखाद्या रकान्याचा अर्थ सरकतो. मग मेंदूचा कुठला काप कुठल्या क्षणी टिपला, हेच चुकीचं वाचलं जाण्याची शक्यता तयार होते. चूक झाली तरी पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. प्रतिमा छान दिसते, विश्लेषण पुढे जातं, निबंध छापूनही येतो. ते होऊ नये म्हणून रोर्डन आणि त्यांच्यासोबतचे लोक नव्या यंत्रांच्या चाचणी-प्रतिमा जमवत असतात आणि दर काही महिन्यांनी दुरुस्त्या करत असतात. या कामातून नवं शास्त्र जन्माला येत नाही. नवं नाही म्हणून त्याला अनुदान मागताना अर्जात लिहायचं काय, हाच प्रश्न.

आणि हे सगळं किती महागात पडू शकतं, याचा एक हिशेब २०१२ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी मांडला. मेंदूच्या भागांचं आकारमान आणि बाह्यकाची जाडी मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. या लोकांनी त्याच प्रतिमा त्याच सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्यांत, वेगवेगळ्या संगणकांवर घालून पाहिल्या. नव्या आवृत्तीचे आकारमानाचे आकडे आधीच्या दोन आवृत्त्यांपेक्षा सरासरी ८.८ टक्क्यांनी वेगळे निघाले आणि मेंदूच्या एखाद्या भागात हा फरक ६४ टक्क्यांपर्यंत गेला. मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी आकडे हलत होते. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाकाठी काही टक्क्यांनीच आक्रसतो, हे ध्यानात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं. अभ्यासाच्या मधेच प्रयोगशाळेतला संगणक बदलला, तर रोग किती वाढला आणि संगणक किती बदलला, हे वेगळं कसं काढणार? आवृत्ती सांभाळणारं, तिच्यातले बदल नोंदवणारं, जुनी आवृत्ती मिळण्याजोगी ठेवणारं कुणी असेल तरच.

आता ज्याला खऱ्या अर्थानं सांभाळणारा माणूस लाभला अशा एका सॉफ्टवेअरकडे थोडं सावकाश पाहू.

मुंबई-पुण्यातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत इमेजजे माहीत नसलेला पीएचडीचा विद्यार्थी सापडणं कठीण. वेस्टर्न ब्लॉटचा फोटो उघडायचा, पहिल्या लेनभोवती चौकट आखायची आणि १ दाबायचा. चौकट सरकवून पुढच्या लेनवर न्यायची, २ दाबायचा. शेवटी ३ दाबला की प्रत्येक लेनचा आलेख डोंगररांगेसारखा उमटतो. मग सरळ रेघेचं हत्यार घेऊन प्रत्येक शिखराचा पायथा बंद करायचा, जादूच्या कांडीनं आत टिचकी मारायची आणि क्षेत्रफळाचा आकडा वहीत उतरवायचा. पायथ्याची रेघ कुठे मारायची यावर प्रयोगशाळेत वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत, कारण प्रथिन वाढलं की घटलं हे त्या रेघेवर ठरतं. हे सगळं पंधरा-वीस वर्षं जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि त्याला दमडी पडत नाही.

याच्या मागे वेन रॅसबँड नावाचा माणूस आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, मानसिक आरोग्याच्या विभागात ते नोकरीला होते. १९८७ साली त्यांनी मॅकिंटॉशसाठी 'एनआयएच इमेज' लिहिलं. मॅक नसलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता, म्हणून १९९७ साली जावा भाषेत सगळं नव्यानं लिहायला घेतलं आणि त्याचं नाव इमेजजे पडलं. अमेरिकी सरकारी नोकरानं नोकरीत लिहिलेल्या गोष्टीवर तिथे कॉपीराइट लागत नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्नच मिटला. कुणालाही आपलं जोडकाम, म्हणजे प्लगइन, लिहिता येईल अशी सोय त्यांनी आरंभापासून ठेवली. एखाद्यानं पत्रातून चूक कळवली की ती दुरुस्त करून दैनिक आवृत्तीत घातली जायची आणि तसं उत्तरही यायचं. वर्षानुवर्षं. २०१० साली ते निवृत्त झाले, तरी काम थांबलं नाही.

रॅसबँड यांचं कौतुक करताना लोक त्यांच्या चिकाटीबद्दल बोलतात. चिकाटी होतीच, पण मला त्यांच्या पगारपत्रकात जास्त रस आहे. एनआयएच आपल्या पैशाचा मोठा भाग देशभरातल्या विद्यापीठांना अनुदान म्हणून वाटते, आणि एक लहान भाग स्वतःच्या आवारातल्या संशोधकांच्या पगारावर खर्च करते. रॅसबँड आवारातले होते. दर तीन-चार वर्षांनी 'या प्रकल्पात नवीन काय?' या प्रश्नाला तोंड देत त्यांना अर्ज भरावा लागला नाही. एखाद्या विद्यापीठात ते असते, तर एनआयएच इमेजवरचा पहिला निबंध छापून झाल्यावर त्यांना दुसरा विषय धरावा लागला असता, असं मला ठामपणे वाटतं. एक साधी सरकारी नोकरी आणि वरिष्ठांनी 'हे काय चाललंय?' असं न विचारणं, एवढ्यावर जगातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं जैववैद्यकीय प्रतिमा-सॉफ्टवेअर उभं राहिलं. ही व्यवस्था कुणी आखली नव्हती, ती घडून गेली. म्हणून तिची नक्कल करता येत नाही.

निवृत्तीच्या आधीपासूनच इतरांनी हात घातला होता, ही त्या उघड्या कोडची पुण्याई. ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत योहानेस शिंडेलिन आणि मंडळींनी इमेजजे आणि त्याची विखुरलेली जोडकामं एकत्र बांधून, आपोआप अद्ययावत होणारं 'फिजी' तयार केलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात केव्हिन एलिसेरी यांच्या प्रयोगशाळेनं इमेजजेची पुढची पिढी उभी केली. एका माणसाच्या नोकरीवरचा भार दोन-तीन संस्थांच्या अनुदानांवर आला.

अनेक संस्थांनी मिळून, ठरवून उभ्या केलेल्या कामाचं उदाहरण म्हणजे आयटीके. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पात एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या मृतदेहाचे बारीक काप करून त्यांच्या प्रतिमा १९९४ आणि १९९५ साली खुल्या केल्या. प्रतिमा झाल्या, पण त्यांच्यातून अवयव वेगळे काढायला सामाईक साधन नव्हतं. १९९९ साली ग्रंथालयानं ते साधन, म्हणजे आयटीके, बनवायचं कंत्राट सहा संस्थांना दिलं. त्यांत जीई आणि किटवेअर या कंपन्या होत्या, नॉर्थ कॅरोलायना, पेनसिल्व्हेनिया आणि टेनेसी ही विद्यापीठं होती. हे अनुदान नव्हतं, कंत्राट होतं, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे. अनुदानात संशोधकाला काय सापडतं ते पाहायचं असतं. कंत्राटात काय हवं ते आधी लिहून द्यावं लागतं, आणि त्यात चाचण्यांचा आग्रह होता. रोज रात्री वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या संगणकांवर सगळा कोड पुन्हा बांधला जाई, चाचण्या चालत आणि सकाळी एका फलकावर हिरवे-लाल चौकोन दिसत. रात्री कुणी काय मोडलं ते सकाळी सगळ्यांना कळे. इतक्या जातींच्या संगणकांवर एकच कोड बांधायचा तर त्यासाठी वेगळं हत्यार लागलं. ते याच पैशातून झालं. त्याचं नाव सीमेक. आज जगातली असंख्य सी-प्लस-प्लस सॉफ्टवेअर सीमेकनं बांधली जातात, आणि ते वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण वैद्यकीय ग्रंथालयाचं देणं लागतो याची गंधवार्ताही नसते.

(याच घराण्यातल्या, त्रिमितीय चित्रं रेखाटणाऱ्या व्हीटीकेबद्दल एक गंमत. कापांच्या प्रतिमांतून पृष्ठभाग काढणारी 'मार्चिंग क्यूब्ज' ही रीत जीईच्या बिल लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली, तिचं पेटंट जीईकडे होतं. लॉरेन्सन स्वतःच पुढे व्हीटीकेचे एक जनक. मग काय करावं? पेटंटवाला कोड 'पेटंटेड' नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला: उघडून पाहा, पण वापरायचा तर तुमचं तुम्ही पाहून घ्या. पेटंटची मुदत संपल्यावर तो कप्पाही गेला.)

आयटीके आणि व्हीटीके या पायावर उभं असलेलं थ्रीडी स्लायसर शल्यचिकित्सकांना जास्त परिचयाचं. १९९८च्या सुमारास एमआयटी आणि बॉस्टनच्या ब्रिगहम रुग्णालयाच्या सहकार्यातून, डेव्हिड गेरिंग यांच्या पदव्युत्तर प्रबंधाच्या कामातून त्याची सुरुवात झाली. विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघालेलं सॉफ्टवेअर विद्यार्थी पदवी घेऊन गेला की मरतं, हा नियम. स्लायसर वाचलं, कारण ब्रिगहममधले रॉन किकिनिस त्याला धरून बसले आणि २००४ साली एनआयएचच्या राष्ट्रीय केंद्रांच्या योजनेत त्याला दहा वर्षांचा आधार मिळाला. त्या काळात 'प्रोजेक्ट वीक' नावाची प्रथा पडली. वर्षातून दोनदा प्रोग्रॅमर आणि डॉक्टर आठवडाभर एका दालनात बसतात. भाषणं जवळजवळ नाहीत, प्रत्येक टेबलावर एक काम. दहा वर्षं सरली, योजना बंद झाली, तरी प्रोजेक्ट वीक चालूच आहे. आता स्लायसरचा खर्च गोधडीसारखा जोडलेला असतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या एका अनुदानातून थोडा, किरणोपचाराच्या नियोजनावरच्या दुसऱ्यातून थोडा, कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या सोनोग्राफी-मार्गदर्शित शस्त्रक्रियेच्या कामातून थोडा. प्रत्येक अनुदान आपल्या ठिगळाचेच पैसे देतं. मधली शिवण कुणी घालायची? ती घालणारे काही मोजके लोक आहेत, त्यांतले काही किटवेअर कंपनीत पगारावर आहेत, आणि कंपनी ही अनुदानांतल्या उपकंत्राटांवर चालते. खासगी कंपनीनं मुक्तस्रोत, म्हणजे उघड्या कोडचं, सॉफ्टवेअर जगवावं हे आपल्याकडच्या काहींना रुचत नाही. मला ते शिस्तीचं वाटतं. कंपनीला कामाचे तास मोजावे लागतात, आणि तास मोजले की देखभालीचेही मोजले जातात.

एकट्या माणसावर भिस्त ठेवण्यात काय धोका आहे, हे मॅटप्लॉटलिबच्या बाबतीत दिसलं. पायथनमध्ये आलेख काढणारा जवळजवळ प्रत्येक जण ते वापरतो; २०१९ साली कृष्णविवराची पहिली प्रतिमा आली, तिच्या कामातही ते होतं. त्याचा जन्म मात्र अपस्माराच्या संशोधनातला. शिकागोला जॉन हंटर अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून घेतलेल्या विद्युत नोंदी अभ्यासत होते. प्रयोगशाळेत त्यासाठीच्या व्यापारी सॉफ्टवेअरचा एकच परवाना होता आणि तो संगणकाला लावायच्या एका किल्लीवर चाले. किल्ली ज्याच्या हातात, त्याचं काम पुढे. बाकीचे वाट पाहत बसायचे. त्या वैतागातून हंटर यांनी स्वतःचं साधन लिहिलं आणि २००३ साली सर्वांना दिलं. जुलै २०१२मध्ये एका परिषदेत त्यांनी मुख्य भाषण केलं. त्यानंतर लगेचच कर्करोगाचं निदान झालं आणि २८ ऑगस्टला, उपचारांतल्या गुंतागुंतीतून ते गेले. वय ४४. मॅटप्लॉटलिब थांबलं नाही, कारण मायकल ड्रोटबूम यांच्यासारखे सहकारी आधीपासून कोडमध्ये मुरलेले होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नमफोकस या ना-नफा संस्थेनं अशा प्रकल्पांना देणग्या स्वीकारायला एक कायदेशीर घर दिलं. घर मिळालं म्हणून लगेच पैसा आला असं नाही. पूर्ण वेळ पगार देऊन माणूस ठेवता यावा एवढा निधी यायला पुढे बरीच वर्षं गेली.

कोड उघडा असला की हजार डोळे चुका शोधतात, असं मुक्तस्रोतवाले अभिमानानं सांगतात. या संग्रहातल्या एका-दोन लेखांतही तो सूर आहे. मला तो मान्य नाही, आणि कारण म्हणून ॲफ्नी पुरेसं आहे. मेंदूच्या एफएमआरआय नोंदींचं विश्लेषण करणारं हे सॉफ्टवेअर रॉबर्ट कॉक्स यांनी १९९४च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या मेडिकल कॉलेजात लिहिलं आणि नंतर ते एनआयएचमध्ये गेले. स्वीडनमधले अँडर्स एकलुंड आणि हान्स क्नुट्सन, इंग्लंडमधले थॉमस निकोल्स यांनी ४९९ निरोगी माणसांच्या विश्रांतीतल्या नोंदी घेतल्या. या माणसांना कुठलंही काम दिलेलं नव्हतं, तेव्हा कामामुळे मेंदू उजळल्याचं दिसायलाच नको. त्या नोंदींवर त्यांनी तीन प्रमुख सॉफ्टवेअरमधून तीस लाख गट-विश्लेषणं केली. शंभरात पाच वेळा चुकीचा होकार येणं मान्य होतं. काही पद्धतींत तो सत्तरपर्यंत गेला. बराचसा दोष तिन्ही सॉफ्टवेअरमागच्या संख्याशास्त्रीय गृहीतकांत होता. पण तपासणी करता करता ॲफ्नीच्या एका आज्ञावलीत एक साधी चूकही सापडली. ती १५ वर्षं तिथेच होती.

१५ वर्षं तो कोड कुणालाही वाचता येत होता. वाचला कुणी? उघडेपणानं चूक सापडण्याची वाट ठेवली, एवढंच. सापडायला कुणाला तरी तीस लाख विश्लेषणं करावी लागली. पण पुढची गोष्ट जास्त मोलाची. चूक कळल्यावर ती मे २०१५मध्ये, म्हणजे तो निबंध २०१६ साली छापून येण्याच्या आधीच दुरुस्त झाली, कारण एनआयएचमध्ये ॲफ्नीचा एक पगारी गट बसलेला होता. हीच चूक एखाद्या अनाथ सॉफ्टवेअरमध्ये सापडली असती, तर? निबंध छापला गेला असता, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली असती आणि पुढच्या वर्षीचे विद्यार्थी तीच आवृत्ती उतरवून घेत राहिले असते.

म्हणून 'सॉफ्टवेअर टिकवणं' हा विषय मला मुळात माणसांच्या जागांचा विषय वाटतो. परवाना कुठला, कोड ठेवायचा कुठे, कागदपत्रं कशी लिहायची, यांवर या संग्रहात चांगले लेख आहेत, पण त्या गोष्टी शिकवून येतात. जागा शिकवून निर्माण होत नाहीत. ब्रिटनमध्ये हे लवकर ओळखलं गेलं. २०१० साली एडिंबरोत सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट स्थापन झाली, २०१२ साली त्यांच्याच एका बैठकीत 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनीअर' हे पदनाम सुचवलं गेलं. पदनाम मिळाल्यावर विद्यापीठांत त्या नावानं जागा निघू लागल्या, वेतनश्रेणी ठरू लागल्या. अमेरिकेत कर्करोग संस्थेच्या आयटीसीआर योजनेत नवं साधन बनवणं, ते वाढवणं आणि ते नुसतं चालू ठेवणं यांसाठी वेगवेगळे अर्ज मागवले जातात. 'चालू ठेवण्या'साठी अर्ज करता येतो, हीच मोठी गोष्ट. २०१९पासून चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हनंही विज्ञानातल्या अत्यावश्यक मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या देखभालीला पैसे दिले, त्यांत मॅटप्लॉटलिब होतं. खासगी दात्याचा कल उद्या बदलू शकतो, हे देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आपल्याकडे? आयसीएमआर किंवा डीबीटीचा प्रकल्प आला की खर्चाची शीर्षकं ठरलेली: उपकरणं, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, किरकोळ, संस्थेचा वरखर्च. मनुष्यबळ म्हणजे प्रोजेक्ट असिस्टंट, मुदत प्रकल्पाइतकी. तिसऱ्या वर्षी जानेवारीत तो दुसरीकडे मुलाखती देऊ लागतो आणि मार्चनंतर कोड ज्या लॅपटॉपवर आहे, त्याचा पासवर्डही सापडत नाही. व्यापारी सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना घ्यायचा असेल तर तीन दरपत्रकं जोडून फाईल पुढे सरकते. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या देखभालीला काही रक्कम द्यायची म्हटलं, तर लेखा विभाग विचारतो, फुकट आहे ना, मग पैसे कशाचे? प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर देणारं शीर्षक अर्जात नाही. पदोन्नतीला शोधनिबंध मोजले जातात. दहा महाविद्यालयांत रोज वापरली जाणारी आज्ञावली सांभाळली, याला गुण नाहीत.

तरी इथे काहीच घडत नाही असं नाही. छत्तीसगडमधल्या गनियारीत जनस्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी बाह्मनी पहिल्यांदा उभी केली. रुग्णांच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, हिशेबासाठी ओडू, असं तीन मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं ते एकत्र बांधलेलं रूप. पुढे थॉटवर्क्सनं सूत्रं अनेक संस्थांच्या संघाकडे दिली. कंपनीनं हात काढून घेण्याआधी घेणारे तयार करणं, हे आपल्याकडे दुर्मीळ. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही दिले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला त्याचा किती आधार होतो, हे तिथे शिकवणाऱ्यांना विचारा. २०२४ साली बंगळुरूच्या झीरोधा या शेअर-दलाली कंपनीनं मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस-फंड जाहीर केला. तो वैद्यकासाठी राखीव नाही. पण भारतीय पैसा देखभालीसाठी, आणि नव्या वैशिष्ट्यांची अट न घालता, बाहेर पडतो आहे.

सगळंच टिकवावं असं मात्र मी म्हणणार नाही. एका प्रबंधापुरत्या लिहिलेल्या आज्ञावलीला मरू द्यावं, फक्त रीतसर. कोड झेनोडो किंवा सॉफ्टवेअर हेरिटेजसारख्या संग्रहात जमा करावा, सोबत ती कुठल्या संगणकावर, कशाच्या कुठल्या आवृत्त्यांसोबत चालली हे लिहावं, आणि वर स्पष्ट म्हणावं की आता इथे कुणी नाही. 'लवकरच अद्ययावत होईल' असं लिहून दहा वर्षं लोकांना ताटकळत ठेवण्यापेक्षा ते सभ्यपणाचं आहे. मार्च २०२०मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा कोविडचा अंदाज जगभर गाजला, तेव्हा त्यामागचा कोड इन्फ्लुएंझासाठी तेरा-चौदा वर्षांपूर्वी लिहिलेला, टिपणं नसलेला होता हे बाहेर आलं. तो लोकांसमोर ठेवण्याजोगा करायला मायक्रोसॉफ्टच्या इंजिनीअरांनी हातभार लावला. नंतर केंब्रिजच्या एका संशोधकानं तो चालवून आकडे जुळतात हे दाखवलं. आकडे जुळले, हे खरं. पण देशोदेशी टाळेबंदीची चर्चा चालू असताना ती साफसफाई करावी लागली, हेही खरं.

या संग्रहात एक विषय जवळजवळ नाही, आणि पुढच्या आवृत्तीत तो यावा. आताची नवी साधनं शिकवलेल्या प्रारूपांची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या संशोधकांनी १,२०४ सीटी स्कॅनांवर शिकवलेलं टोटलसेग्मेंटेटर पहिल्या आवृत्तीत एका सीटीतून अवयव, हाडं, स्नायू आणि रक्तवाहिन्या अशा १०४ रचना वेगळ्या काढून देत होतं. ते स्लायसरमधूनही चालवता येतं. ते उभं आहे हायडेलबर्गच्या एनएन-यूनेटवर, आणि ते पायटॉर्चवर. वैद्यकीय प्रतिमांसाठीचं मोनाई २०२० साली एनव्हिडिया आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजनं खुलं केलं, त्यात चिप विकणाऱ्या कंपनीचा पैसा आहे. या साखळीत कोड सांभाळून भागत नाही. उद्या सीटीची यंत्रं बदलली, प्रतिमांचा पोत बदलला की शिकवलेलं प्रारूप पुन्हा तपासावं लागेल, कदाचित नव्यानं शिकवावं लागेल. त्यासाठी पुन्हा प्रतिमा, पुन्हा त्यांच्यावर रेघा आखणारे रेडिओलॉजिस्ट, पुन्हा महागडे संगणक. आयटीकेच्या वेळी कंत्राटात चाचण्यांची अट घालणारं एक ग्रंथालय होतं. इथे ती अट कोण घालणार, हे अजून ठरलेलं नाही.